एपिड्यूरल देताना सोनोग्राफी का वापरत नाहीत?

"आमच्या आईच्या पाठीत चार वेळा सुई टोचली. सोनोग्राफीचं मशीन खालच्याच मजल्यावर होतं. ते वर का नाही आणलं?"

एका पेशंटच्या मुलाने माझ्या दवाखान्यात बसून विचारलेला हा प्रश्न. आई ६८ वर्षांच्या, वजन ९० किलोच्या पुढे, पाठीच्या कण्याला वयामुळे थोडा वाक. गुडघा बदलायचा होता. ऑपरेशन नाशिकमधल्याच एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलमध्ये झालं. भूलतज्ज्ञ अनुभवी होते. चौथ्या प्रयत्नानंतर त्यांनी एपिड्यूरलचा विचार सोडला आणि पूर्ण भूल दिली. गुडघा छान बसला. पण पाठीवर काळेनिळे डाग पडले, आणि वेदना थांबवण्यासाठी जी नळी पाठीत ठेवायची होती ती न बसल्याने पहिल्या दोन रात्री आईंना फार त्रास झाला. मुलाचा सगळा राग भूलतज्ज्ञांवर होता.

मी फॅमिली डॉक्टर आहे, भूलतज्ज्ञ नाही. पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर लोक आमच्याकडेच येतात, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर शोधणं मला भाग पडलं. उत्तराचा एक भाग शरीररचनेत आहे. दुसरा भाग एका कायद्यात आहे, आणि तो कायदा महाराष्ट्राला का लागला हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी सुई नेमकी कुठे जाते ते पाहू.

मणक्यांच्या आत मज्जारज्जू आणि त्यातून निघणाऱ्या नसा एका पाण्याने भरलेल्या पिशवीत असतात. या पिशवीच्या बाहेर, पण मणक्याच्या आत, एक अरुंद पोकळी असते. तिला एपिड्यूरल पोकळी म्हणतात. कंबरेच्या भागात ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद असते. भूलतज्ज्ञ तिथे सुई पोहोचवतात, सुईतून धाग्यासारखी बारीक नळी म्हणजे कॅथेटर आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. मग त्या नळीतून हवं तितका वेळ औषध देता येतं: बाळंतपणाच्या कळांसाठी काही तास, मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस.

सिझरच्या वेळी 'पाठीत इंजेक्शन' देतात ते बहुतेक वेळा वेगळं असतं. ते स्पायनल. त्यात बारीक सुई थेट पाण्याच्या पिशवीत जाते, एकदाच औषध देतात आणि सुई बाहेर येते. सडपातळ, तरुण बाईला स्पायनल देताना कुठल्याही चित्राची सहसा गरज पडत नाही. "सिझरला पाठीत इंजेक्शन दिलं तेव्हापासून कंबर धरली" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. टोचल्या जागी काही दिवस दुखतं हे खरं. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं कारण मात्र गरोदरपणातला ताण, बाळाला घेऊन वाकून बसणं आणि सैल पडलेले स्नायू यांत जास्त सापडतं. ते असो.

एपिड्यूरलची सुई जाडसर असते, आणि ती त्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबायला हवी. कातडीपासून तिथपर्यंतचं अंतर साधारण ४ ते ६ सेंटिमीटर असतं. स्थूल माणसात ते ८ च्याही पुढे जातं. सुई किती आत आली हे भूलतज्ज्ञांना दिसत नाही. ते हाताने ओळखतात. सुईला सलाइन भरलेली सिरिंज लावून तिच्यावर हलका दाब ठेवतात. सुई चिवट पडद्यात असेपर्यंत सिरिंज दबत नाही. पडदा पार झाला की सलाइन एकदम आत जातं. त्या क्षणी थांबायचं. दोन-तीन मिलिमीटर पुढे गेलं तर पाण्याच्या पिशवीला भोक पडतं. शंभर बाळंतिणींमध्ये साधारण एकीला असं होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींना काही दिवस बसलं की कपाळ फुटेल अशी डोकेदुखी आणि आडवं झालं की आराम असा त्रास होतो.

ही हाताने ओळखायची पद्धत जवळपास शंभर वर्षं जुनी आहे आणि बहुतेक वेळा उत्तम चालते. अडचण येते ती सुरुवातीच्या जागेची. कंबरेच्या दोन्ही बाजूंची हाडं चाचपून, त्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेवरून मणके मोजायचे असा रिवाज आहे. इंग्लंडमध्ये २००० साली एका अभ्यासात भूलतज्ज्ञांनी हाताने ठरवलेला मणका एमआरआयशी ताडून पाहिला. तो शंभरातल्या फक्त २९ वेळा बरोबर निघाला. बहुतेक चुका वरच्या बाजूला होत्या, आणि मज्जारज्जू वरच्याच बाजूला असतो. पाठीवर चरबी जास्त असली तर चाचपायला हाडच लागत नाही. कणा वाकडा असला तर मध्यरेषा कुठली हेही कळत नाही.

इथे सोनोग्राफी कामाला येते. भूलतज्ज्ञ सुई टोचण्याआधी पाठीवर प्रोब ठेवतात. हाडातून आवाजाची लहर जात नाही, पण दोन मणक्यांच्या फटीतून जाते. माकडहाडापासून वर मोजत आले की हवा तो मणका नक्की सापडतो, मध्यरेषा सापडते, फट कुठे रुंद आहे ते दिसतं, आणि पडदा किती खोल आहे ते सेंटिमीटरमध्ये मोजता येतं. पेनाने पाठीवर खूण करायची, प्रोब बाजूला ठेवायचा आणि नेहमीप्रमाणे हाताने सुई घालायची. सरावलेल्या माणसाला एवढ्याला काही मिनिटं पुरतात. सुई जात असताना पडद्यावर पाहत राहणं शक्य आहे, पण प्रौढ माणसात ते अवघड असतं आणि कमी केलं जातं. आत ठेवलेली नळी नेमकी कुठे गेली हेही मोठ्या माणसात सोनोग्राफीवर नीट दिसत नाही. म्हणून थोडं औषध देऊन परिणाम पाहण्याची जुनी खबरदारी घ्यावीच लागते.

याचा उपयोग होतो का? ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने जानेवारी २००८ मध्ये एपिड्यूरलसाठी सोनोग्राफी वापरण्यावर मार्गदर्शन दिलं. पुरावा थोडा आहे, पण पद्धत सुरक्षित दिसते आणि नळी योग्य जागी बसवायला मदत होऊ शकते, असं त्याचं सार होतं. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने १४ अभ्यास एकत्र करून केलेला आढावा छापला. त्यात एपिड्यूरल आणि पाठीतून पाणी काढण्याची तपासणी, दोन्ही धरून १३३४ पेशंट होते. सोनोग्राफी वापरलेल्या ६२४ जणांत प्रयत्न फसला ६ वेळा. न वापरलेल्या ६१० जणांत ४४ वेळा. ४४ हाही आकडा ६१० च्या मानाने लहानच आहे, हे विसरू नका. म्हणजे बहुतेकांना या मशीनची गरज नसते. ज्यांना असते त्यांना मात्र खरोखर असते: खूप स्थूल, कण्याला वाक असलेले, पूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालेले, किंवा मागच्या वेळी बराच त्रास होऊन सुई लागलेले.

मग त्या मुलाचा प्रश्न उरतोच. मशीन वर का नाही आणलं?

सोनोग्राफीचं मशीन आपल्याकडे रक्तदाबाच्या यंत्रासारखं हॉस्पिटलभर फिरवता येत नाही. गर्भलिंग निदान रोखणारा केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. त्याआधीच, १९८८ मध्ये, असा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र होतं. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ निघाल्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. मे २०१२ मध्ये परळीत गर्भपातादरम्यान एका बाईचा जीव गेला आणि तिथे काय चालत होतं ते उघड्यावर आलं. त्याच वर्षी, २०१२ मध्ये, केंद्राने नियम बदलले. फिरतं मशीन फक्त नोंदणी झालेल्या जागेच्या आत, तिथे भरती असलेल्या पेशंटसाठी वापरता येईल, किंवा अनेक आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या दवाखान्याचा भाग म्हणून. आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरची नोंदणी एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर होईल.

गर्भाचं लिंग दाखवू शकेल असं कुठलंही उपकरण या कायद्यात येतं. मोबाइलला जोडायचा, खिशात मावणारा प्रोबसुद्धा. तुम्ही तो पोटावर ठेवता की पाठीवर, याने फरक पडत नाही.

आता हा नियम नाशिकच्या व्यवहारात ठेवून पाहा. आपल्याकडची बरीच ऑपरेशनं दहा ते तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये होतात. अशा ठिकाणी पगारी भूलतज्ज्ञ नसतात. ते फोन आला की येतात. सकाळी गंगापूर रोडला सिझर, दुपारी पंचवटीत हर्निया, रात्री सिडकोत अपघाताची केस. औषधं, नळ्या, सुया, कधी मॉनिटरसुद्धा त्यांच्या गाडीच्या डिकीत असतो. सोनोग्राफीचं मशीन तेवढं डिकीत ठेवता येत नाही. ठेवलं तर तो गुन्हा आहे. कायद्याने मशीन जागेला बांधलं आहे आणि आपला भूलतज्ज्ञ कुठल्याच एका जागेचा नसतो. माझ्या मते सगळी अडचण या एका विसंगतीत आहे. चर्चा मात्र भलतीकडेच होते: 'आपल्या डॉक्टरांना नवीन तंत्र येत नाही' किंवा 'कायदा डॉक्टरांना छळतो'.

आईंच्या हॉस्पिटलमध्ये मशीन होतं. ते खालच्या मजल्यावरच्या खोलीत, रेडिऑलॉजिस्टच्या नावावर नोंदलेलं. खोलीला त्या वेळी कुलूप होतं. नोंदणीत भूलतज्ज्ञांचं नाव नव्हतं. ते मशीन वर आणून त्यांनी वापरलं असतं आणि तपासणीला पथक आलं असतं, तर मशीन सील होण्याची भीती मालकांना होती. ही भीती निव्वळ बहाणा नव्हती. कागदपत्रांतल्या चुकांसाठी गुन्हेगार ठरवू नका ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये फेटाळली. फॉर्म अर्धवट भरणं ही साधी कारकुनी चूक मानता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

बाळंतिणीच्या बाबतीत तर गुंता आणखी वाढतो. गरोदर बाईची सोनोग्राफी करणाऱ्याने तिची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असं कायदा सांगतो. त्यासाठी 'एफ' फॉर्म असतो. पोटाची की पाठीची असा भेद कायद्याच्या शब्दांत नाही. फॉर्ममध्ये सोनोग्राफी कशासाठी केली याच्या कारणांची यादी आहे; ती सगळी गर्भ, वार, गर्भाशय यांच्याभोवतीची. 'कळांसाठी पाठीत नळी बसवायची आहे' हे कारण त्यात कुठे बसवायचं? रात्री दोन वाजता, कळा देणारी बाई समोर असताना, भूलतज्ज्ञ हा विचार करत बसत नाहीत. ते हाताने सुई घालतात.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: भूलतज्ज्ञांना फक्त वरवरचं दाखवणारा सपाट प्रोब असलेलं मशीन द्या, त्याने गर्भ नीट दिसतच नाही. हातापायांच्या नसा बधिर करण्यासाठी हा उपाय चांगला आहे, कारण त्या नसा कातडीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर असतात. एपिड्यूरलला तो पुरत नाही. मोठ्या माणसाच्या पाठीत पाच-सात सेंटिमीटर खोल पाहायला तोच गोलसर, वक्र प्रोब लागतो जो गरोदर बाईच्या पोटावर ठेवतात. पाठ दाखवणारा प्रोब गर्भही दाखवणारच.

म्हणून भूलतज्ज्ञांना कायद्यातून सरसकट सूट द्यावी, असं मला वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार मुलग्यांमागे मुली २०१५-१६ मध्ये ९२४ होत्या, २०१९-२१ मध्ये ९१३. रोग बरा झालेला नाही. डिकीतून फिरणारं मशीन प्रामाणिक भूलतज्ज्ञांच्या हातात जीव सुखाचा करेल. शंभरातल्या एका अप्रामाणिक हातात काय करेल, ते मराठवाड्याने पाहिलं आहे.

पण सूट न देताही बरंच करता येईल. नोंदणी झालेल्या जागेत भरती पेशंटवर फिरतं मशीन वापरायला २०१२ चा नियम परवानगीच देतो. ज्या हॉस्पिटलात बाळंतपणं आणि हाडांची मोठी ऑपरेशनं होतात त्यांनी थिएटरसाठी एक मशीन नोंदवून घ्यावं आणि तिथे नेहमी येणाऱ्या भूलतज्ज्ञाचं नाव नोंदणीत घालावं. नोंदणीचं शुल्क आणि कागदपत्रांची दगदग आहे, हे मान्य. मशीन महाग आहे, हेही मान्य. मालकाने मनावर घेतलं तर मात्र कायदा आड येत नाही. सरकारकडून हवी आहे ती स्पष्टता दोनच गोष्टींवर. दोन केंद्रांची मर्यादा गर्भाची सोनोग्राफी करणाऱ्यांसाठी होती. फक्त थिएटरमध्ये, फक्त सुईसाठी मशीन वापरणाऱ्या भूलतज्ज्ञाला तीच लावायची का? आणि 'एफ' फॉर्ममध्ये पाठीच्या सोनोग्राफीसाठी एक ओळ घालता येईल का? दुसरी गोष्ट तर एका दुपारच्या बैठकीत होण्यासारखी आहे.

कंबरदुखी किंवा सायटिकासाठी मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे सी-आर्म म्हणजे थिएटरमधलं एक्स-रे मशीन वापरतात. त्यावर सुई पुढे जाताना दिसते आणि थोडं रंगद्रव्य सोडून औषध कुठे पसरेल हेही आधी पाहता येतं. सी-आर्म गर्भलिंगाच्या कायद्यात येत नाही. किरणोत्सर्गाचे नियम मात्र लागतात, आणि गरोदर बाईला ते शक्यतो लावत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये अशा इंजेक्शनांनंतर क्वचित, पण गंभीर मज्जासंस्थेचे त्रास झाल्याचा इशारा दिला होता. तुम्हाला असं इंजेक्शन सुचवलं असेल, तर "सी-आर्मखाली देणार ना?" हे विचारायला अजिबात संकोचू नका. घाईचं काम नसतं. ते चित्र न पाहता घेण्याचं कारण मला दिसत नाही.

ऑपरेशनआधी घरच्यांनी काय करावं? भूलतज्ज्ञांची भेट आदल्या दिवशी मागा, थिएटरच्या दारात नको. मागच्या वेळी सुई लागायला त्रास झाला होता का ते सांगा. घरात कपाटावर पडलेला कंबरेचा जुना एमआरआय किंवा एक्स-रे शोधून न्या. पाठीचं चित्र तयार असताना लोक ते घरी ठेवून येतात, हे मी नेहमी पाहतो. एमआरआयवर वाक, जुनं ऑपरेशन, पडद्यापर्यंतचं अंतर असं बरंच कळतं, तेही एक रुपया जास्तीचा खर्च न करता. पेशंटला वळण असेल किंवा वजन जास्त असेल, तर "इथे पाठीची सोनोग्राफी करून एपिड्यूरल देण्याची सोय आहे का?" असं विचारा. उत्तर 'नाही' आलं तर लगेच हॉस्पिटल बदलायला नको. एपिड्यूरलशिवाय वेदना कशा आवरणार, हा पुढचा प्रश्न विचारा.

आणि सोनोग्राफीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. हृदयाच्या स्टेंटनंतरच्या, लकव्यानंतरच्या, धडधडीसाठीच्या. त्यांची चिठ्ठी भूलतज्ज्ञांना दाखवा आणि त्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका. अशा पेशंटमध्ये सुई अचूक जागी गेली तरी आत रक्त साठून नसा दबू शकतात. हे फार क्वचित होतं. पण औषधाचा अंमल उतरायच्या वेळी पायातली ताकद परत आली नाही, किंवा आलेली ताकद पुन्हा गेली, पाठीत जोरात दुखू लागलं, लघवी अडली, तर सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका. नर्सला सांगा, भूलतज्ज्ञांना फोन करायला लावा. तेव्हा लागतो तो एमआरआय, तोही काही तासांच्या आत.

त्या आईंचा दुसरा गुडघा सात महिन्यांनी झाला, दुसऱ्या हॉस्पिटलात. मुलगा या वेळी कंबरेचा जुना एमआरआय घेऊन गेला. तिथे थिएटरमध्ये नोंदलेलं मशीन होतं आणि भूलतज्ज्ञ बाई तिथल्याच होत्या. त्यांनी पाठीवर प्रोब फिरवला, खालचे तीन मणके पाहिले आणि सांगितलं, "काकू, फटी अगदी मिटल्यात. मी टोचत नाही." पूर्ण भूल दिली आणि त्याच मशीनचा प्रोब बदलून मांडीतली नस बधिर केली. पाठीत एकही सुई गेली नाही. पहिल्या रात्री दुखलं, पण मागच्या वेळेइतकं नाही, असं आई म्हणाल्या.